नळ सगळ्यांना, पाणी कुणाला? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात पाणीकपातीवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रं आणि मेल सगळे पाण्याचेच आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच वस्तीतल्या, सोसायटीतल्या लोकांबद्दल लिहिलंय आणि उद्या त्यांना तिथेच राहायचंय.

प्रश्न : मी कांदिवलीला टॉवरमध्ये राहतो. मुंबईला रोज जवळपास ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं असं वाचलं. सव्वा कोटी लोकसंख्या धरली तर माणशी तीनशे लिटरच्या वर झालं की. मग पाणी कमी आहे असं का ओरडतात? आणि आम्ही घरी इतकी काटकसर करतो त्याचा झोपडपट्टीतल्या लोकांना फायदा होतो का?

उत्तर : भागाकार बरोबर आहे पण तो कुणाच्याच घरचा नाही. एकाच्या ताटात चार भाकऱ्या आणि शेजाऱ्याच्या ताटात काहीच नाही, तरी सरासरी दोन येतेच. त्या ३,९०० मधून आधी गळती आणि चोरी वजा करा, तो आकडा लहान नाही, मग हॉटेलं, कारखाने, ऑफिसं वजा करा, आणि मग जे उरतं ते कसं वाटलं जातं ते बघा. कित्येक वर्षं पालिकेचं नियोजनच असं होतं की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर. म्हणजे पाइपात पाणी सोडायच्या आधी कागदावरच एकाला दुसऱ्याच्या तिप्पट.

पण मला वाटतं खरा फरक लिटरपेक्षा टाकीत आहे, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. मुंबईत बहुतेक भागात पाणी काही तासच येतं, चावीवाले ठरल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवतात आणि एकेका भागाला पाळीपाळीने पाणी सोडतात. आता तुमची सोसायटी आणि पलीकडची वस्ती दोघांनाही समजा सकाळी दोनच तास पाणी आलं. तुमच्या खालच्या सम्पमध्ये, म्हणजे जमिनीतल्या टाकीत, पन्नास हजार लिटर भरून घेतलं जातं, पंप ते गच्चीवर चढवतो आणि तुमच्या नळाला दिवसभर पाणी, तुम्हाला कळतही नाही की पाणी दोनच तास येतं. वस्तीतल्या पाच माणसांच्या घरात दोनशे लिटरचे दोन ड्रम बसतात, तेही बसले तर, कारण दहा बाय बाराच्या खोलीत ड्रम ठेवायचा की माणसाने झोपायचं हा प्रश्न असतो. रोज पाणी आलं तर माणशी ८० लिटर, एक दिवस नाही आलं तर ४०, आणि प्रेशर कमी म्हणून एकच ड्रम भरला तर विचारूच नका. म्हणजे दोन्हीकडे तास सारखे असूनही एकाकडे चोवीस तास पाणी आणि दुसरीकडे पहाटे साडेचारचा गजर.

त्यात लाइनच्या शेवटच्या टोकाला असाल तर आणखी वाईट. पाइपात पाणी सोडल्यावर पहिल्यांदा जवळची आणि सखल भागातली ठिकाणं भरतात, तिथले सम्प तोंडापर्यंत भरेपर्यंत टोकाला नुसती हवा येते, आणि टोकाला पाणी पोचतं न पोचतं तोच चावीवाल्याची बंद करायची वेळ होते. यात कुणी वाईट माणूस असावाच लागतो असं नाही, पाइपच तसा वागतो.

काटकसरीचं म्हणाल तर जरूर करा, पण तुम्ही वाचवलेली बादली आपोआप गोवंडीच्या झोपडपट्टीत जात नाही. तुमचा सम्प कमी रिकामा झाला, लवकर भरला, एवढंच. ते पाणी तिकडे न्यायचं तर व्हॉल्व्हचं वेळापत्रक बदलावं लागतं, लाइन मोठी टाकावी लागते, ती कामं पालिकेची. ब्रश करताना नळ बंद करा आणि त्याच उत्साहाने नगरसेवकाला वेळापत्रकाबद्दलही विचारा.

प्रश्न : आमची झोपडी २००० नंतरची आहे. नळ नाही, वीस लिटरचा कॅन दहा रुपयाला घेतो, उन्हाळ्यात जास्त. कोणी म्हणतं कायद्याने आम्हाला पाणी देताच येत नाही. खरं काय?

उत्तर : आधी तुमच्या दहा रुपयाचा हिशोब करू. वीस लिटरला दहा म्हणजे हजार लिटरला पाचशे रुपये. पालिकेचा घरगुती दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या आसपास आहे, वर मलनिस्सारणाचा आकार धरला तरी दहा-बाराच्या घरात. म्हणजे टॉवरमधला माणूस देतो त्याच्या कितीतरी पट जास्त तुम्ही देताय. झोपडपट्टीवाले फुकट पाणी पितात असं जे ऐकू येतं ना, ते म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही, नैरोबीच्या किबेरासारख्या वस्त्यांमध्येही लोक वीस लिटरचे जेरीकॅन विकत घेतात आणि नळजोडणीवाल्यापेक्षा लिटरमागे जास्त मोजतात. जगभर गरीब माणूस पाणी किरकोळीत घेतो आणि श्रीमंत घाऊकात.

आता कायदा. देताच येत नाही हे चूक आहे. पूर्वी कट-ऑफ तारखेनंतरच्या, म्हणजे झोपडी मान्य धरायला सरकारने ठरवलेल्या तारखेनंतरच्या, झोपड्यांना पाणी नाकारायचे नियम होते, हे खरंय. त्याविरुद्ध पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १५ डिसेंबर २०१४ ला न्यायालयाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी पूर्ण नाकारता येणार नाही, पालिकेने धोरण करावं. त्याच निकालात हेही होतं की बेकायदा झोपडीतल्या माणसाला कायदेशीर घरातल्या माणसाच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, दर जास्त लावता येईल, घरोघर नळ देण्याऐवजी सार्वजनिक नळ दिला तरी चालेल. मला हा दुसरा भाग तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, तहान काही कट-ऑफ तारीख बघून लागत नाही, पण निकाल आहे तो असा आहे. पुढे धोरण रेंगाळत राहिलं आणि २०२२ च्या मे महिन्यात पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं.

धोरण आलं म्हणून नळ आला असं मात्र नाही. जमीन केंद्र सरकारची, रेल्वेची किंवा वनखात्याची असेल तर ना-हरकत पत्रात गाडी अडते. मुख्य लाइन लांब असेल तर तिथून वस्तीपर्यंतच्या पाइपाचा खर्च वस्तीवरच येतो. वस्तीत जोडणी सहसा पाच-दहा घरांच्या ग्रुपला मिळते, त्यातला एक सेक्रेटरी होतो, बिल त्याच्या नावाने येतं आणि मग भांडणं सुरू. त्यामुळे तीन गोष्टी करा. ग्रुपचा अर्ज लेखी द्या, वॉर्ड ऑफिसात तोंडी नाही म्हटलं तरी अर्ज आत टाका आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. नकार दिला तर तोही लेखी मागा. आणि सेक्रेटरी ठरवतानाच बिलाचे पैसे दर महिन्याला कसे गोळा करायचे ते वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर दोन घरांनी थकवलं की दहाही घरांचा नळ जातो.

प्रश्न : आम्ही शहापूर तालुक्यातले. भातसा धरण आमच्याकडे, तानसा आमच्याकडे, पाणी जातं मुंबईला. आमच्या पाड्यावर मार्चपासून टँकर. बायका नदीच्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात. धरणाशेजारी राहून असं का?

उत्तर : हा प्रश्न नुसता छापला तरी पुरे होता. पण तुम्ही कारण विचारलंय म्हणून सांगतो.

तानसा धरण १८९२ चं, मुंबईसाठीच बांधलेलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास आहे आणि त्यातली निम्मी एकट्या भातसाची. ही धरणं आखली तेव्हा पाणी कुठे न्यायचं ते आधी ठरलं आणि पाइप त्या दिशेला टाकले. धरण नदीत म्हणजे सगळ्यात खाली, तुमचे पाडे वर डोंगरावर. शहराकडे पाणी बराचसा रस्ता उताराने जातं, तुमच्याकडे आणायचं तर पंपाने चढवावं लागतं. पाडा तीस-चाळीस घरांचा, म्हणजे माणशी खर्च शहरापेक्षा कितीतरी जास्त, आणि योजना झालीच तर तिचं वीजबिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात. ते थकलं की कनेक्शन तोडतात आणि टाकी नुसती उभी राहते, अशा टाक्या तुम्हीच मला दाखवाल. त्यात खालचा खडक काळा बेसाल्ट, पाऊस धो धो पडतो पण मुरतो कमी, दिवाळीनंतर विहिरी खाली जायला लागतात.

भावली धरण इगतपुरी तालुक्यात उंचावर आहे, तिथून उताराने शहापूरच्या गावापाड्यांना पाणी आणायची योजना आहे, त्यामागचं डोकं चांगलं आहे कारण पंपाचं बिलच वाचतं. पण ती किती वर्षं ऐकताय हे तुम्हाला मी सांगायला नको. माझं स्पष्ट मत, जे शहर एखाद्या तालुक्यातून निम्मं पाणी उचलतं त्याच्या पाणीबिलात त्या तालुक्याच्या योजनेच्या विजेचा आणि देखभालीचा वाटा असायला हवा. मुंबईकराला तो जाणवणारही नाही.

प्रश्न : (बीड जिल्ह्यातून) आमच्या गावात जलजीवनचे नळ बसले, फोटो काढले, कागदोपत्री गाव शंभर टक्के झालं. पाणी आठ-दहा दिवसांनी अर्धा तास. सरकारच्या टक्केवारीत आम्ही पाणी मिळालेले. हे मोजतात तरी कसं?

उत्तर : मोजतात नळ. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन, म्हणजे गावागावांत घरोघर नळ द्यायची केंद्राची योजना, जाहीर झालं तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात ३ कोटी २३ लाख घरांत नळ होते, म्हणजे शेकडा सतराच्या आसपास, आणि आता पंधरा कोटींच्या वर गेलेत. हे काम छोटं नाही, उगाच नावं ठेवू नयेत. पण मिशनच्याच व्याख्येत नुसता नळ नाहीये, माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचं आणि नियमित, असं सगळं आहे. तुमच्या अर्ध्या तासाच्या पाण्याला दहाने भागलं की ती व्याख्या कुठे राहते ते तुम्हीच बघा. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२८ पर्यंत वाढवलीय, म्हणजे विचारायला अजून जागा आहे.

आणि तुमच्याकडे नळ कोरडा राहायचं एक कारण नळाच्या बाहेर आहे. योजनेचा उद्भव म्हणजे गावची विहीर किंवा बोअर, आणि तिच्या चहूबाजूंनी खासगी बोअर. ज्याच्याकडे पैसा तो खोल जातो, मग शेजारचा त्याहून खोल, आणि गावची विहीर सगळ्यात उथळ म्हणून सगळ्यात आधी आटते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर, देशभर बातमी झाली. त्या वर्षीही मराठवाड्यात ऊस उभा होताच. शेतीवर बोललं की लोक चिडतात, पण पिण्याच्या पाण्याची विहीर आणि उसाची बोअर एकाच खडकातून पितात त्याला काय करणार.

मोजायची दुसरी एक पद्धत सांगतो, तुम्हाला ग्रामसभेत कामाला येईल. संशोधकांनी वीसेक देशांत फिरून बारा प्रश्नांची एक मोजपट्टी केलीय, २०१९ मध्ये आली. त्यात नळ आहे का हे विचारतच नाहीत. विचारतात की गेल्या चार आठवड्यांत पाण्याची चिंता वाटली का, पाणी नाही म्हणून स्वैपाकात बदल करावा लागला का, कपडे धुवायचे राहिले का, हात न धुता जेवायला बसलात का, अंघोळ टळली का, तहानेने तसंच झोपावं लागलं का, पाण्यावरून लाज वाटली का, राग आला का, असं. कधीच नाहीला शून्य, क्वचितला एक, कधीकधीला दोन, नेहमीला तीन. एकूण ३६ पैकी १२ किंवा जास्त आले तर ते घर पाण्याच्या बाबतीत असुरक्षित. वीस-पंचवीस घरं निवडा, त्यात गावठाणही घ्या आणि कडेची वस्तीही, आणि प्रश्न घरच्या बाईला विचारा, पुरुषाला नको. पाणी घरात नसलेल्या दहापैकी सात घरांत पाणी आणायचं काम बायका-मुलींकडे असतं हा जगाचा आकडा आहे, चार आठवड्यांत काय काय अडलं ते तिलाच माहीत. तो कागद घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं की “नळ तर दिलाय” या उत्तरावर भागत नाही.

प्रश्न : तुमच्या मासिकात पाण्याचा विषय निघाला की जात येतेच. आता कुठे कोणी विहिरीवर अडवतं?

उत्तर : २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले त्याआधीच सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबई कायदेमंडळात झालेला होता, १९२३ मध्ये, आणि महाड नगरपालिकेनेही तो मान्य केलेला होता. ठराव असून पाणी मिळत नव्हतं म्हणून तर सत्याग्रह. पुढे तळ्यावरून झालेल्या दाव्याचा कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. हक्क कागदावर येणं आणि ओंजळीत येणं यात तेव्हा चौदा वर्षं गेली.

आज हात धरून अडवणारे कमी झालेत, मान्य. पण तुमच्या गावात एक चक्कर मारून बघा, बोअर कुणाच्या शेतात घेतलीय, टाकी कुठल्या आळीत आहे, पाइप कुठे येऊन थांबलाय, व्हॉल्व्ह कोण सोडतो आणि शेवटच्या वस्तीला किती वाजता सोडतो. कुणी जातीचं नाव काढत नाही आणि शेवटच्या टोकाला मात्र तीच वस्ती असते. तुमच्या गावात तसं नसेल तर आनंद आहे, तसं कळवा, छापू.

प्रश्न : चाळीत शेजारी थेट नळाच्या लाइनला टुल्लू पंप लावतात, आमच्याकडे थेंब येत नाही. आम्हीही लावावा का?

उत्तर : नका लावू. लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे हे एक, पण त्याहून मोठं कारण म्हणजे पंपाने ओढ लागली की पाइपात पोकळी होते आणि जिथे जॉइंट सैल असेल तिथून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. कावीळ, टायफॉइड, जुलाब यातूनच. सगळ्या चाळीने मिळून एक जमिनीतली टाकी करा, त्यात पाणी आपल्या प्रेशरने पडू द्या आणि पंप त्या टाकीला लावा. जागा नाही असं म्हणाल, मग निदान पाळ्या ठरवा. आणि पहिलं पाच मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नका, पाइप रिकामा असताना आत शिरलेलं सगळं त्यात येतं.

प्रश्न : रडगाणं पुष्कळ झालं. कुठे जमलंय का कुणाला?

उत्तर : जमलंय, आणि श्रीमंत देशांतच असं नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घ्या. १९९३ च्या सुमाराला, यादवीतून नुकतंच बाहेर पडलेलं शहर, पाणी दिवसाला दहाएक तास आणि सत्तर टक्क्यांच्या वर गळती-चोरीत गायब. एक सोन चान नावाचे अधिकारी आले, त्यांनी मीटर बसवले, बिल न भरणाऱ्या बड्या लोकांचंही पाणी तोडलं, अनधिकृत जोडण्या शोधल्या आणि गरीब घरांना जोडणीच्या पैशात सवलत, हप्ते दिले. पंधरा-सतरा वर्षांत पाणी चोवीस तास आणि नुकसान सहा टक्क्यांच्या आसपास. २००६ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते बड्या लोकांचं पाणी तोडणं, बाकी तंत्र सगळ्यांना माहीत असतं.

उलटं उदाहरण केपटाऊनचं. दक्षिण आफ्रिकेत घरटी महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत द्यायचं धोरण २००१ पासून, ऐकायला फार छान. पण २०१८ च्या दुष्काळात शहराचे नळ बंद पडायची वेळ आली, माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, आणि नंतर २०२३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात दिसलं की शहरातली चौदा टक्क्यांहूनही कमी असलेली सधन माणसं निम्म्याहून जास्त पाणी वापरतात, बागा, स्विमिंग पूल, आणि बासष्ट टक्के गरिबांच्या वाट्याला सत्तावीस टक्के. मर्यादा घातल्यावर सधनांनी स्वतःच्या बोअर मारल्या. गरिबाने काय मारायचं?

आपल्याकडे ओडिशातल्या पुरीत जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट प्यायच्या दर्जाचं आणि चोवीस तास, झोपडवस्त्यांसकट. मीटर वाचायला, बिल द्यायला, तक्रार घ्यायला बचत गटातल्या बायका, त्यांना जलसाथी म्हणतात, गल्लीतलीच बाई असल्यामुळे गळती तिला लगेच कळते. आणि एवढं लांब नको असेल तर कऱ्हाडशेजारचं मलकापूर, २००९ च्या सुमाराला तिथे मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू झालं. चोवीस तास दिलं तर लोक उधळतील असं सगळ्या नगरपालिका म्हणतात, पण चोवीस तास येतंय म्हटल्यावर ड्रम भरून ठेवायची गरजच उरत नाही, आणि आज भरून ठेवलेलं शिळं पाणी उद्या ओतून द्यायचीही. तुमच्या नगरपालिकेतल्या कुणाला तिकडे पाठवायचं असेल तर एसटी थेट कऱ्हाडला जाते.